डॉक्टरीणबाई फार बोलल्या

नेहमीच्या तपासणीत टाउनो कार्प्पाच्या छातीत कसलासा जादा आवाज ऐकू आला आणि त्याच्या बायकोनं, इर्मेलीनं, त्याच दिवशी फर्मान काढलं, "हृदयाची सोनोग्राफी होईपर्यंत तळ्यात उतरायचं नाही." जन्मभर सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, उकाड्यातून निघून थेट गोठलेल्या तळ्याच्या बर्फातल्या भोकात डुबकी मारणारा माणूस घरच्या शॉवरखाली उभा राहू लागला. फिनलंडात यापेक्षा मोठी मानहानी नाही.

सोनोग्राफीच्या दिवशी अंधाऱ्या खोलीत तो शर्ट काढून डाव्या कुशीवर झोपला. डॉक्टरीणबाई जेल लावताना म्हणाल्या, "जरा गार लागेल हं."

"याला गार म्हणतात?" टाउनोला बाईंची कीवच आली.

इथवर ठीक होतं. पण छातीवर यंत्र फिरवता फिरवता बाई बोलतच सुटल्या. थंडी कशी आहे, नातवंडं किती, यंदा मासे मिळाले का. टाउनोनं कान टवकारले. त्याच्या गावात कुणी उगाच एवढं बोलत नाही. मागं शेजारी असाच गप्पा मारत बसला होता आणि कॉफीचा दुसरा कप संपल्यावर म्हणाला होता, "तुझा भाऊ गेला."

"श्वास सोडा. आता तसेच थांबा," बाई म्हणाल्या. यंत्रातून फस्सफस्स असा आवाज येऊ लागला.

"हे काय?"

"तुमचंच रक्त वाहतंय. बरं, उन्हाळ्यात कुठं जाणार?"

उन्हाळ्याचं नाव निघालं तसं टाउनोचं धाबं दणाणलं. "बाई, स्पष्ट सांगा. किती वाईट आहे?"

"वाईट कुठंय? एक झडप वयामुळं थोडी जाड झालीय, आवाज तिचा. हृदय ठणठणीत आहे."

"मग इतकं बोलताय कशाला?"

"पेशंटला धीर यावा म्हणून."

टाउनोनं कपाळाचा घाम पुसला. "तळ्यात उतरू?"

"खुशाल उतरा."

बाहेर बसलेल्या इर्मेलीला त्यानं छाती फुगवून सांगितलं, "उतरा म्हणाल्या."

"मग जा," ती म्हणाली, आणि तिच्याही जिवात जीव आला.

संध्याकाळी टाउनो डुबकी मारून वर आला तो राजाच्या थाटात. आनंद पोटात मावेना. बाकावर वाफाळत बसलेल्या दोस्तांना त्यानं जन्मात पहिल्यांदा थंडीबद्दल विचारलं, मग एकेकाच्या नातवंडांची चौकशी केली, मग माशांची.

बाकावरचे सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी म्हाताऱ्या पेन्टीनं टोपी काढली, स्वतःचं गरम सॉसेज टाउनोच्या हातात ठेवलं आणि हळूच विचारलं, "किती दिवस दिलेत रे डॉक्टरांनी?"