एक मिनिट, बोलायचं नाही

गुरुजींचं तोंड उघडं होतं, तोंडात आरसा होता, आणि दंतवैद्य दाढ कोरता कोरता विचारत होता, "मग मला कधी बोलावताय तुमच्या पॉडकास्टवर?"

"आ," गुरुजी म्हणाले. दंतवैद्याने तो होकार धरला.

शाळेतून निवृत्त झाल्यावर गुरुजींनी लहान मुलांसाठी 'हे कसं होतं?' नावाचा पॉडकास्ट सुरू केला होता. दर आठवड्याला एक पाहुणा यायचा आणि आपलं काम मुलांना समजेल असं सांगायचा. वर्षभरात हे प्रकरण इतकं वाढलं, की पाहुणे व्हायला निघालेल्यांनी गुरुजींना पळता भुई थोडी केली. न्हावी वस्तरा मानेवर ठेवून विचारायचा, पोस्टमन सही घेताना विचारायचा. एका विमावाल्याने तर अंत्ययात्रेत खांदा बदलताना विचारलं होतं.

शेवटी सूनबाईने मनावर घेतलं. पॉडकास्ट करणाऱ्यांकडे पाहुण्यांनी कुठून आणि कसं यायचं, याची घडी बसवून देणं हाच तिचा व्यवसाय. घरचंच काम तेवढं राहिलं होतं.

"दिव्याखाली अंधार झालाय, बाबा," ती म्हणाली. "सांगा, लोकांनी तुमच्याकडे कसं यायचं?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "वर्गात प्रश्न विचारला की चाळीस हात वर व्हायचे आणि चाळीस तोंडं एकदम सुटायची. मी म्हणायचो, सांगू नका, करून दाखवा. तसंच कर. ज्याने त्याने आपल्या कामाचा एक मिनिट आवाज पाठवायचा. बोलायचं नाही. आपण 'या' म्हटल्याशिवाय नाव-गाव आपल्यालाही दिसता कामा नये."

"आणि फोन? भेट?"

"सगळं बंद. कुणाची गय नाही."

दुसऱ्या दिवसापासून सासरा आणि सून जेवणाच्या टेबलावर बसून आवाज ऐकू लागले, आणि ऐकता ऐकता चहा गार होऊ लागला. एका आवाजात भट्टीतून काढलेले पाव गार होताना बारीक तडतडत होते, जणू आपसात कुजबुजत होते. एकात लांबलचक किर्र आणि मग टक, एवढंच. काच कापली जात होती. एका पाणबुड्याने नुसता श्वास पाठवला होता. तो ऐकताना गुरुजींनी आपलाही रोखून धरला.

"पोरी, गेली सत्तर वर्षं मी कान कशासाठी वापरले गं?"

"ऐकण्यासाठी नक्कीच नाही," सूनबाई म्हणाली. "आई नेहमी सांगायच्या."

दंतवैद्याचाही आवाज आला. गुरुजींची दाढ लगेच ठणकली.

चौथ्या दिवशी आला पाऊस. पानांवर पडणारी संथ, एकसारखी सर.

"हा पाऊस आहे," गुरुजी म्हणाले. "पाऊस पाडणं हे कुणाचं काम? नाही म्हणून कळव."

त्याच दुपारी दारात एक बाई उभी राहिली. हातांची बोटं हिरवी झालेली, श्वास लागलेला. "गुरुजी, मला 'नाही' असं उत्तर आलं, पण एकदा समजून तर घ्या–"

"बाई, दारातून नाही. आवाज पाठवा."

"पाठवला की."

"मग पुन्हा पाठवा." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

तासाभरात पुन्हा पाऊस आला, आधीपेक्षा जोराचा. "कुणीतरी चेष्टा करतंय," म्हणून गुरुजींनी तोही नाकारला.

दोन दिवसांनी बाई परत आली. "गुरुजी, उद्या दुपारनंतर सगळं बंद होईल हो."

काय बंद होईल, हे गुरुजींच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण विचारलं की माणूस बोलतो. त्यांनी प्रश्न गिळला. "एक मिनिट. बोलायचं नाही."

"अहो, पण–"

"बोललातच."

ती गेली, आणि तासाभरात मुसळधार सुरू झाली. सूनबाईने ती पूर्ण ऐकली आणि खिडकी उघडली. बाहेर रखरखीत ऊन होतं.

"बाबा, आठवडाभर आभाळात बोटाएवढा ढग नाही. हा पाऊस पडतोय कुठे? आणि दोन्ही वेळा ती बाई येऊन गेल्यावरच कसा पडतो?"

गुरुजी काही बोलायच्या आत तिने 'या' दाबलं. नाव, पत्ता उघडला. खाली लिहिलं होतं: 'रेशमाचे किडे पाळते. ऐकू येतं ते त्यांचं पाला खाणं. उद्या दुपारपर्यंत खातील. मग कोष विणायला लागतात, आवाज राहत नाही.'

"हजारो तोंडं पानं कुरतडतायत," गुरुजी हळूच म्हणाले, "आणि मी एकदाही विचारलं नाही, हे कसं होतं."

सकाळी गुरुजी इस्त्रीचा शर्ट चढवून, मुलाने आणलेलं अत्तर लावून, माइक घेऊन त्या बाईच्या गावाबाहेरच्या शेडपाशी पोचले. बाईने दार वीतभर उघडलं आणि नाक मुरडलं.

"अत्तर लावलंय?"

"थोडंसं."

"मग आत नाही येता येणार. वासाने खाणं सोडतात ते."

"अहो, मी एवढ्या लांबून–"

"मीही दोनदा आले होते, गुरुजी," ती न रागावता म्हणाली. "यंत्र द्या इकडे. तुम्ही खिडकीबाहेर बसा, वास वाऱ्याने आत येणार नाही अशा बाजूला."

माइक वायरसकट आत गेला. गुरुजी पालथ्या टोपलीवर बसले आणि त्यांनी कानाला हेडफोन लावले.

सर कोसळली. काचेपलीकडे मांडण्यांवर मांडण्या होत्या, त्यांवर बोटाएवढे पांढरे जीव, आणि पानं कडेकडेने नाहीशी होत होती. ऊन डोक्यावर होतं, तरी गुरुजींनी नकळत तळहात पुढे धरला. तो कोरडाच राहिला. त्यांनी पुन्हा धरून पाहिला.

दुपारी पाऊस ओसरू लागला. आधी एक मांडणी थांबली, मग दुसरी. थेंब मोजता येऊ लागले. मग तेही थांबले, आणि सगळा वर्ग एकदम फळ्याकडे पाहतो तशा त्या जिवांनी माना वर केल्या. एकाच्या तोंडापाशी काहीतरी चमकलं. धागा होता.

खिशात फोन थरथरला. "बाबा, झाली का मुलाखत? काय काय विचारलंत?"

"अजून काही नाही," गुरुजी कुजबुजले.

"का? भेटल्या नाहीत?"

"भेटल्या. आत घेत नाहीत. नियम आहे त्यांचा." त्यांनी काचेला नाक लावलं. "उद्या साबणाने दोनदा अंघोळ करून पुन्हा दारात उभा राहतो. बघू, काही दया येते का."