गेनूनानांच्या हक्काची वीज

गेनूनाना आमच्या खोलीत आले की आधी वर टांगलेल्या बल्बकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. दोन्हीकडे सारख्याच रागानं. ‘आमच्या पान्यावर पेटलाय त्यो,’ असं म्हणून खाटेवर बसायचे आणि त्या पाण्याचा मोबदला म्हणून कपभर चहा घ्यायचे. पौडातल्या बऱ्याच घरांत त्यांना हा चहा मिळत असे. आमच्या शेजारचा किराणा दुकानदार तर त्यांना लांबून येताना बघूनच दिवा मालवायचा.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी पौडच्या शाळेत मास्तर होतो. नाना मुळशी धरणाच्या काठावर, डोंगराच्या अंगाला एका वस्तीत राहायचे. त्यांचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. ते पाणी डोंगरातून खाली कोकणात उतरतं, तिथं त्याची वीज होते आणि ती मुंबईला जाते. नानांच्या वस्तीत मात्र रॉकेलची चिमणी. ही हकीकत नाना एसटीच्या कंडक्टरपासून कचेरीतल्या भाऊसाहेबांपर्यंत कुणालाही न विचारता ऐकवायचे आणि शेवटी म्हणायचे, ‘ह्यो न्याव हाय का?’ उत्तर देणाऱ्यावरही चिडायचे आणि गप्प राहणाऱ्यावरही.

एकदा मी समजावून पाहिलं. ‘नाना, पौडची वीज त्या धरणाची नाही. बोर्डाची आहे, दुसरीकडून येते.’

नानांनी बशी खाली ठेवली. ‘मंजी आमचं गाव बुडून तुमालाबी काय मिळालं न्हाई?’

त्या दिवसापासून ते माझ्या वतीनंही संतापायला लागले.

एका भाऊबिजेला सकाळी सातलाच नाना दारात उभे. खांद्यावर पोतं, हातात कडीचा डबा. पोत्यातून त्यांनी एक जड खोकं काढलं. खोक्यात चिनीमातीचं तपकिरी भांडं, त्याला बाहेरून पत्र्याचं कवच, वर काचेचं झाकण आणि खाली वायर.

‘भाच्यानं दुबईवरनं धाडलंय. मटन घालायचं, बटन फिरवायचं, आन् सांजच्यापातूर हात लावायचा न्हाई. आता बगा मास्तर, भाचा सोता वायरमन हाय. आन् विजंवरचं भांडं धाडतो कुटं, तर जितं वीज न्हाई तितं.’

‘मग चुलीवरच करायचं ना नाना.’

‘व्हय, चुलीवरच करू. वीज मुंबैनं खावावी, तुमी खावावी. आमी एक दीस खाल्ली तर काय बिगडलं?’

डब्यात वाटण लावलेलं मटण होतं. तक्रारीला जागाच उरली नाही.

आमच्या खोलीत प्लग एकच, आणि त्यावर रेडिओ. त्या दिवशी कसोटी सामना होता आणि तो ऐकायला, म्हणजे बायकोच्या मते ओवाळून घ्यायला, माझा मेहुणा पुण्याहून येऊन बसला होता. भांड्याची पिनही आपल्या प्लगात बसेना. मी ती कापून दुसरी लावली. रेडिओ निघाला, भांडं बसलं, मेहुण्याचं तोंड उतरलं. सणाच्या दिवशी माझ्याच घरात माझ्याच रेडिओला जागा नाही, याचा मलाही राग आला होता. पण नानांपुढे माझा राग म्हणजे अगदीच नवशिका.

नाना भांड्यासमोर मांडी घालून बसले. अर्ध्या तासानं झाकण उचललं. पुन्हा पंधरा मिनिटांनी उचललं.

‘नाना, झाकण काढलं की वेळ लागतो. खोक्यातल्या कागदावर लिहिलंय तसं.’

‘आवो, उकळी न्हाई, आवाज न्हाई. शिजतंय का झोपलंय? आमच्या चुलीला निदान राग तरी येतो.’

अकराला वीज गेली.

नाना उठले, टोपी घातली आणि बाहेर विजेच्या खांबाखाली जाऊन उभे राहिले. नवे कपडे घालून बहिणीकडे निघालेल्या प्रत्येक माणसाला थांबवून त्यांनी धरण, कोकण, मुंबई आणि मटण या क्रमानं सगळं सांगितलं. पाऊण तासानं वीज आली. ‘बोललो म्हनून आली,’ म्हणत ते आत आले आणि पुन्हा मांडी घालून बसले. मेहुणा तेवढ्यात दुकानदाराच्या सेलवरच्या रेडिओवर सामना ऐकायला गेला होता. तो जेवणापुरता परतला आणि हात धुऊन पुन्हा तिकडेच गेला.

चार वाजता मटण झालं. नानांनी बायकोला वाटीभर काढून दिलं, स्वतः मात्र चाखलं नाही. भांडं घोंगडीत गुंडाळून ते उठले, पण ते इतकं जड की एकट्याला झेपेना. बायको मला म्हणाली, ‘जा सोबत. फुटलं तर वर्षभर आपल्यालाच ऐकवतील.’

साडेचारच्या मुक्कामी गाडीनं आम्ही निघालो. भांडं नानांच्या मांडीवर, झाकणावर माझा हात. गाडीतून उतरून थोडं चाललो आणि दिवेलागणीला त्यांच्या बहिणीच्या दारात पोचलो. सोनाक्का सत्तरीच्या. मुलगा दुबईला, घरात एकट्याच. ओवाळणीचं ताट तयार ठेवून उंबऱ्यात बसल्या होत्या. घोंगडीतलं भांडं बघून त्या भडकल्या. ‘भाऊबिजेला बहिनीनं रांधायचं का भावानं? लोकं काय म्हनतील?’

‘लोकं चुलीत गेली. दात हायेत का तुला? गेल्या साली नुसता रस्सा पिऊन उठलीस. ध्येनात हाय माज्या.’

सोनाक्कांनी ओवाळलं. मग नानांनी स्वतः त्यांच्या ताटात वाढलं. हाडावरचं मांस नुसत्या बोटानं सुटत होतं. सोनाक्का हळूहळू जेवल्या, दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि तोवर नानांनी घास मोडला नाही.

जेवणं झाल्यावर मी सहज विचारलं, ‘नाना, गाव सोडलं तेव्हा तुम्ही केवढे होता?’

सोनाक्काच हसल्या. ‘त्याला काय इचारता, मास्तर. माज्या कडंवर हुता. झोपला हुता. डोंगर चढून वर आलो तवा जागा झाला, आन् भूक लागली म्हनून रडाया लागला.’

मला वाटलं, आता नाना उसळणार. ते उसळले नाहीत. सगळ्या तालुक्याला ज्या गावाची हकीकत त्यांनी ऐकवली होती, त्यातली एक भिंतही त्यांना स्वतःला आठवत नव्हती. जे काही होतं ते या बाईकडून ऐकलेलं.

नाना बहिणीजवळ सरकले. इतक्या खालच्या आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

‘अक्का, चूल कुटल्या अंगाला हुती गं?’

‘दर साली इचारतोस.’

‘सांग की.’

सोनाक्का सारवलेल्या जमिनीवर बोट फिरवू लागल्या. ‘ह्ये दार. आत आलं की डाव्या हाताला चूल. तिच्या पल्याड जातं. आन् मागच्या भितीला...’ बोट थांबलं. ‘मागच्या भितीला कोनाडा हुता, का खिडकी हुती?’

त्यांना आठवेना. बोट तिथंच टेकलेलं. नाना घाबरल्यासारखे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

‘ऱ्हाऊ दे,’ ते म्हणाले. ‘सावकाश आठव. मी हाय हितंच.’