देवेशची दोन मिनिटांची ओळख

देवेशने सकाळीच घरात जाहीर केलं, "संध्याकाळी पाचच्या आत पुण्याची प्रयोगशाळा माझ्या खिशात!"

कळंबचा हा पोरगा कर्जतला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. बोटं भजनाच्या पेटीवर आणि लक्ष दुसऱ्यांच्या डोक्यात! गाणं ऐकताना मेंदूत नेमकं होतं काय, या एका प्रश्नाने त्याला पछाडलं होतं. पुण्यातली एक मेंदू-संशोधन प्रयोगशाळा उन्हाळ्यापुरता एकच विद्यार्थी घेणार होती. दोन मिनिटांच्या व्हिडिओत स्वतःची ओळख द्यायची, तो एकदाच पाठवायचा, मुदत आज पाचपर्यंत. त्या जागेपायी आठवडाभर देवेशला जेवण गोड लागत नव्हतं.

पठ्ठ्याचा बेत झकास होता. आपण पेटी वाजवायची आणि ऐकणाऱ्याच्या मेंदूच्या लहरी शेजारी लॅपटॉपवर नाचवायच्या! यंत्र त्याने स्वतःच जोडलेलं. ऐकायला सापडले तात्या, म्हणजे थोरले काका आणि गावच्या भजनी मंडळाचे बुवा. त्यांच्या टकलाला कोरफडीचा गर फासून त्याने सात वायरी चिकटवल्या.

विमलकाकू चहा घेऊन आल्या आणि किंचाळल्या, "अगं बाई! ह्यांना काय झालं रं?"

"काय नाय काकू, मेंदू मोजतोय!"

"मग इतक्या वायरी कशाला? एक पुरंल!"

वायरी निसटत होत्या, तात्या डोकं खाजवत होते. सगळं जमेपर्यंत पाच वाजायला जेमतेम तीन मिनिटं उरली. दोन मिनिटांनी आपोआप बंद होईल असा मोबाइल लावून देवेश पेटीशी बसला. "नमस्कार, मी देवेश..."

"थांब!" तात्या गरजले. पडद्यावरच्या रेषा थयथय नाचू लागल्या. "आपली ओळख आपणच देतोस? बुवा समोर बसलाय ना रं?"

मंडळाची रीतच तशी. ओळख बुवांनी द्यायची, ज्याची त्याने मान खाली घालून ऐकायची.

"तात्या, हे कॉलेजचं हाय!"

"असू दे. पेटी मंडळाची हाय ना?"

झालं! देवेशने मान खाली घातली. तात्यांनी ग्रामदैवतापासून सुरुवात केली. मग मंडळाचे संस्थापक, मग स्वतःचे गुरू, मग गुरुबंधू. इतक्यात खिडकीतून पखवाजवाला कमळ्या ओरडला, "बुवा, मला वगळलंत? मग शनिवारी पखवाज तुमीच वाजवा!"

त्याची समजूत घालायला तात्यांनी तिथेच गजर धरला. बुवा गायला लागले की पेटीवाल्याने थांबायचं नसतं. देवेशची बोटं मुकाट्याने फिरू लागली, डोळे भरून आले आणि मोबाइल टुणकन बंद झाला! पुन्हा करायला वेळ होता कुठे? रडत रडत त्याने तोच व्हिडिओ पाठवला.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून प्रयोगशाळेच्या बाईंचा फोन. देवेशने स्पीकर लावला.

"व्हिडिओ फार आवडला!"

देवेश उडालाच! तात्यांना मिठी मारायची तेवढी बाकी होती.

"चिडले की वादळ, आणि गायला लागताच लहरी एकदम संथ! असा मेंदू आम्हाला अभ्यासायचाच होता. तात्यांना पाठवाल ना?"

"पाठवतो की. पण... माझं काय?"

"तुमचं? आपण कोण?"

तात्यांनीच फोन हातात घेतला.

"येतो बाई. संगती एक पोरगा आणतो, पिशवी उचलायला. इंजिनेर हाय, पण सांगितलेलं ऐकतो."