हवालदारांची दाढ सर केली त्याची हकीकत

ऐकणाराने जीभ आवरून सादर ऐकावे ऐसे हे वर्तमान आहे.

चार रस्त्यांचे अधिपती, वाहनमर्दन, शिट्टीबहाद्दर राजमान्य वाहतूक हवालदार यांची शिट्टी उजव्या दाढेत दाबून फुंकण्याची रीत. त्याच दाढेत गनीम कीड होऊन शिरला, आणि मुळापावेतो सुरुंग लाविला, आणि गाल बुरुजाऐसा फुगला, मग शिट्टी दाबिता ब्रह्मांड आठवे. शिट्टी बंद पडली ऐसे पाहून रिक्षा, टेम्पो, सायकली बेकैद जाहल्या. ते साहेबांचे कानी गेले, आणि फर्मान सुटले की, सोमवारी शिट्टी वाजली तर चौक तुमचा. न वाजली तर कचेरीत बसून फायली लावणे. वीस वर्षे उन्हात उभे राहून राखिलेली दौलत जाते, हे दुखणे दाढेहून थोर.

तरी दंतवैद्य म्हणता पाय मागे येई. कुटुंबाने दातांच्या कण्या केल्या, उपाय चालेना, मग मनगट धरून दवाखान्यात दाखल केले आणि खुर्चीपाशी सुनावले, "अहो, उघडा की तोंड आता! घरी तर मिटत नाही."

डॉक्टरीणबाई बहुत युक्तिवान. तहाचे कलम ठरविले की, दुखल्यास डावा हात वर करणे, यंत्र थांबेल. मग सुई टोचून दाढ बधिर केली, आणि यंत्र घुर्र करीत मजल दरमजल नसेपावेतो पोहोचले, आणि दाढ बधिर असताही कळ मस्तकी गेली. हवालदारांनी डावा हात वर केला. यंत्र थांबले. परंतु डाव्याने एक रस्ता रोखिला की उजव्याने दुसरा सोडणे, हा वीस वर्षांचा शिरस्ता! उजवा हात आपसूक "या, या" करू लागला. बाईंनी हुकूम मानून यंत्र पुन्हा चालविले. ऐसे तीन वेळा जाहले. बाईंनी मनी तारीफ केली की, काय हा धीराचा पुरुष! धीराचे पुरुषाचे डोळे घळघळा वाहात होते. अखेर किडकी नस मुळासकट काढिली, पोकळी बुजविली, गनीम नेस्तनाबूद जाहला.

सोमवारी साहेब चौकात जातीने हजर. हवालदारांनी शिट्टी उजव्या दाढेत दाबिली आणि जीव खाऊन फुंकिली, तो चारी रस्ते जागीच थिजले. एक स्कूटर मात्र पांढरी रेघ ओलांडून आली. हवालदार दातओठ खात चालून गेले, आणि पाहतात तो स्वार खुद्द डॉक्टरीणबाई! बाईंनी तहाचे कलम स्मरून डावा हात वर केला. आणि साहेबांदेखत हवालदारांचा उजवा हात आपसूक हालला, या, या.

येणेप्रमाणे दाढ सर जाहली आणि चौक राखिला. शिट्टीवर दाढेचा ठसा ताजा आहे. संशय असेल त्याने रेघ ओलांडून पाहावी.