केवड्याने मास्तरांचे हात घेतले त्याची हकीकत

श्रोतेहो, जवळ या. मागे भिंतीला टेकून बसला आहात, तेही अंमळ पुढे सरका. हकीकत वासाची आहे, आणि वासाचे काम लांबून होत नाही. दोन घटका कान इकडे द्या, म्हणजे एका भल्या माणसाच्या दोन्ही हातांवर केवड्याने कसा अंमल बसवला, तो उठवताना कोणकोणती रणे पडली, कोण तोंडघशी पडले आणि शेवटी निशाण कोणी रोवले, ते यथास्थित कळेल. देवाने नाक दिले ते केवळ शिंकण्यापुरते नव्हे, एवढे ध्यानी धरून ऐकावे.

हकीकत ऐसीजे. चौकाच्या कोपऱ्यावर निळ्या दाराची बेकरी, तेथे राजमान्य राजश्री भट्टीबहाद्दर पीठमर्दन मास्तरसाहेब अंमल करीत होते. मुलूख म्हणाल तर एक भट्टी, कणीक मळायच्या दोन लाकडी काथवटी, साठ पत्र्याचे साचे आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक, त्याचाही एक पाय विटेवर. परंतु दबदबा असा की मास्तरांनी भुवयांवरचे पीठ झटकले तरी समोरची रांग सरळ होत असे. आणि या राज्याचा प्राण कशात, तर मागल्या खोलीत फळीवर ओल्या फडक्याखाली ठेवलेल्या एका चिनी मातीच्या बरणीत. बरणीत खमीर. खमीर म्हणजे पिठापाण्याचे जिते आंबवण. त्यातले थोडे रोज कणकेत जावे, त्या बळावर पाव फुगावा, आणि उरल्याला पुन्हा पीठपाण्याचा खुराक देऊन उद्यासाठी राखावे, ऐसा शिरस्ता.

हे खमीर मास्तरांच्या मातोश्रींनी एकेचाळीस वर्षांमागे धरले. पुढे त्यांची बोटे सांध्यांत वाकडी झाली आणि त्यांनी अंथरूण धरले, तेव्हा बरणी लेकाच्या स्वाधीन करून हुकूम फर्माविला की, समोरच्या शाळेची बाराची घंटा होताच रोज खुराक द्यावा, तो उघड्या हाताने द्यावा, चमचा लावू नये, कारण हाताला जे असेल ते खमीर पिऊन बसते. आणि हात एकाच माणसाचा असावा, दुसरा लागला तर खमीर रुसेल. एकदा कांदा चिरलेला हात गेला होता, तर गोड बन पंधरा दिवस कांद्याचे लागले, ही गोष्ट गल्लीस अद्याप विसरली नाही. मातोश्री निवर्तल्यास नऊ वर्षे जाहली, परंतु मास्तरांनी हुकमात एक दिवस कसूर केली नाही. कोठे जेवायला गेले तर बाराच्या आत माघारी, आणि सासुरवाडीस तर आजतागायत एक मुक्काम नाही. एकवार मात्र, मातोश्री अंथरुणावर असताच, मास्तरांस तापाने तीन दिवस शुद्ध नव्हती, तरी खमीर मेले नाही. हा चमत्कार मास्तर गिऱ्हाइकांस पावाबरोबर फुकट सांगत, आणि शेवटी हात जोडून म्हणत, "आईची पुण्याई! पण चमत्कार एकदाच होतो, दुसऱ्यांदा मागू नये."

ऐसे राज्य निर्वेध चालू असता, एके सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास, पहिला घाणा विकून मास्तर चहाचा पेला तोंडी लावतात न लावतात तोच, त्यांचे मेहुणे, म्हणजे खाशा बाईसाहेबांचे थोरले बंधू, गावोगाव अत्तरे विकणारे, पत्र्याची पेटी घेऊन दाखल जाहले. माणूस मनाचा मोठा, परंतु प्रेम उतू जाऊ लागले म्हणजे पुढ्यात कोण बसले आहे हे पाहणार नाही. पेटी उघडली आणि नव्या मालाची कुपी काढून म्हणाले, "दाजी, हात पुढे करा. असा केवडा तुमच्या सात पिढ्यांत कोणी लावला नसेल!"

मास्तरांनी हात मागे घेतला, आणि मेहुण्यांनी तो प्रेमाने पुढे ओढला, आणि मास्तरांनी अधिक जोराने मागे घेतला, आणि मग त्या ओढाताणीत कुपीचे बूच उडून सबंध कुपी मास्तरांच्या डाव्या मनगटावर रिती जाहली. तेसमयी मास्तरांची मति फिरली आणि त्यांनी ते तेल उजव्या हाताने पुसले. झाले! डावा पडलाच होता, उजवाही फितूर जाहला. श्रीमंत केवडेराव दोन्ही हातांवर छावणी देऊन बसले.

"घाबरू नका दाजी," मेहुणे अभिमानाने म्हणाले, "आठ दिवस हलणार नाही. पक्की हमी!"

मास्तरांच्या डोळ्यांपुढे बारा वाजले. हे हात बरणीत गेले तर खमीर केवडा पिणार, आणि आज पिणार म्हणजे कायमचा पिणार, आणि एकेचाळीस वर्षांची आईची खूण एका कुपीत बुडणार. आणि हात घातला नाही तर खमीर उपाशी मरणार. तीन तास हाती, आणि हातच परक्याचे!

मग मास्तरांनी कंबर बांधली. पहिली चाल कढत पाण्याची आणि साबणाची केली. तुपाचे साचे ज्या तडफेने धुवावे त्या तडफेने हात धुतले. परंतु कढत पाण्याने केवडेरावांस आणखीच चेव आला आणि ते मनगट सोडून कोपरापर्यंत चढले. निवाडा कोणी करावा, तर बाकावर रोज टोस्ट बुडवीत बसणाऱ्या टपालबाई होत्या. चौतीस वर्षे टपाल कचेरीत पत्रे वाटलेली बाई. पाकीट न फोडता आत काय आहे ते नाकाने सांगे, ऐसा लौकिक. त्यांनी मास्तरांचे हात हुंगले आणि टोस्ट चहात बुडवीत म्हटले, "आहे हो. उलट अंघोळ करून ताजा झालाय."

दुसरी चाल व्हिनेगरची. मास्तरांनी अर्धी बाटली ओतून घेतली. केवडा होता तो राहिलाच, वर आंबट जाहला. टपालबाई म्हणाल्या, "आता लोणच्यात फुलं पडल्यासारखं येतंय."

तिसरी चाल लिंबू आणि सोडा अशा जोडफौजेची. दोघे एकमेकांस भेटताच असे फसफसले की शत्रू राहिला बाजूला, आणि भट्टीच्या चटक्यांनी पोळलेल्या मास्तरांच्या बोटांवरच हल्ला जाहला. मास्तरांनी जी आरोळी ठोकली ती औषधाच्या दुकानापर्यंत ऐकू गेली. तेथून दुकानदाराने आपणहून स्पिरिटची बाटली कुमकेस धाडली. स्पिरिटने केवडेराव हातांवरून उठले खरे, परंतु उठून साऱ्या दुकानात फिरले, छत पाहिले, आणि मग सावकाश उतरून पुन्हा जागेवर बसले. मेहुणे कौतुकाने मान हलवीत होते. "माल बघा, माल! मी सांगत नव्हतो?"

"अहो मेहुणे," मास्तर दात ओठ खाऊन म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर उभे राहता का? भट्टी अजून गरम आहे आणि माझं डोकंही."

घड्याळात साडेअकरा जाहले. हातांची सालटी निघाली, धीराचीही निघाली. तेव्हा इतका वेळ आत पावांचे ताट पुसत असलेल्या बाईसाहेब पदर खोचून बाहेर आल्या. बाई बोलण्यात काटकसरी. परंतु बोलल्या म्हणजे फर्मान. त्यांनी विचारले, "अहो, लागलंय काय? तेल ना? मग पाण्याशी काय भांडत बसलात मघापासून?"

"मग काय करू?"

"आधी बसा. आणि दादा, तू ती पेटी बंद कर. तिचंच तोंड उघडं आहे अजून."

बाईसाहेबांनी साच्यांना लावायचे बिनवासाचे तेल वाटीभर घेतले आणि आपली बोटे न लावता मास्तरांच्या हातांवर ओतून त्यांच्याकडूनच कोपरापासून बोटांपर्यंत चोळवले, म्हणजे केवडेरावांचे तेल या तेलात मिसळून सैल पडले. मग ते त्यांनाच जुन्या फडक्याने निपटायला लावले. मग मूठ-मूठ पिठात भांड्यांचा साबण कालवून घट्ट गोळा केला आणि हुकूम दिला की, मळा. मास्तरांनी आयुष्यभर कणीक मळली होती. आज प्रथमच कणकेने मास्तरांस मळले. गोळा फिरला तसा केवडा हातांवरून सुटून गोळ्यात कैद होऊ लागला. पहिला गोळा टाकला, पुन्हा तेल, पुन्हा फडके, दुसरा गोळा. टपालबाईंनी हुंगले, डोळे मिटले, पुन्हा हुंगले. "पळतोय. पण डाव्या मनगटावर, नाडीपाशी, दबा धरून आहे."

"तिसरा गोळा!" मास्तर गर्जले.

आणि श्रोतेहो, त्याच क्षणी शाळेची घंटा झाली.

मास्तरांचे हात साबणाच्या कणकेत कोपरापर्यंत. पोरांचा गलका रस्त्यावर आला. एरवी या आवाजाला मास्तर बरणीपुढे उभे असत. आज ते मोरीपाशी उकिडवे बसले, आणि एवढा धिप्पाड माणूस, पण डोळे भरून आले. म्हणाले, "गेलं. आईचं गेलं."

बाईसाहेबांनी आपले हात निराळ्या पाण्याने धुतले, कोरडे केले, आणि मागल्या खोलीत गेल्या. मास्तर कणकेचे हात वर धरून दारापर्यंत धावले, "अगं थांब, तुझा हात..." आणि तेथेच थबकले. कारण बाईंनी फडके उचलून दोन मुठी पीठ घातले, वाटीभर कोमट पाणी बोटावरून सोडले, उजव्या हाताची चार बोटे बरणीच्या कडेकडेने सात वेळा फिरवली, आणि मग बरणीवर दोन टिचक्या मारून हळूच म्हटले, "ऊठ बाई, लोक उपाशी आहेत."

हे शब्द मातोश्रींचे. मास्तर रोज दार लोटून, मनातल्या मनात म्हणत. आजवर कोणास सांगितले नव्हते.

"तुला हे कोणी शिकवलं?"

"आईंनी."

"कधी?"

"तुम्ही तापात होतात तेव्हा. तीन दिवस मीच घातलं. आई पलंगावरून ओरडायच्या, पाणी जास्त झालं, बोटं उलटी फिरली. त्यानंतरही अधूनमधून घातलंय, तुम्ही उभ्याउभ्या पेंगत असायचात तेव्हा. जागे झालात की आपणच घातलं असं समजून बरणी बघायचात आणि म्हणायचात, आज खमीर खूश दिसतंय."

"मग तो चमत्कार..."

"मीच तो."

बाहेरून टपालबाईंस खोकला आला. तो हसण्याचा होता, हे नोंदवणे क्रमप्राप्त आहे.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मास्तरांनी विचारले, आणि त्यात राग थोडा होता, खजिलपणा फार होता.

"आईंनी बजावलं होतं," बाई फडके पिळीत म्हणाल्या. "म्हणाल्या, त्याला सांगू नकोस. त्याचं तेवढंच राज्य आहे."

मास्तरांच्या कोपरावरून कणीक पडत होती. ते मोरीपाशी परत गेले आणि तिसरा गोळा मळू लागले, आणि या खेपेस सावकाश मळला. मळता मळता एकदा आपल्याशीच हसले, आणि मग मोठ्याने हसले, इतके की मेहुणे भीत भीत आत डोकावले.

सव्वाबारा वाजता टपालबाईंनी शेवटची तपासणी केली. डावा हात हुंगला, उजवा हुंगला, नाडीपाशी नाक टेकवले आणि निवाडा दिला, "काही नाही. नुसता माणसाचा वास."

येणेप्रमाणे केवडेराव तीन गोळ्यांत कैद होऊन परसात पुरले गेले. तेथील मुंग्यांनी त्याच दिवशी छावणी हलवली. मेहुण्यांशी तह जाहला की, प्रेम आत आणावे, पेटी उंबऱ्याबाहेर ठेवावी. दुसरे दिवशी पहाटेचा घाणा असा फुगला की साचे अपुरे पडले, आणि पावास पावाखेरीज कशाचाही वास नव्हता. आणि पुढल्या महिन्यात मास्तर सासुरवाडीस दोन मुक्काम करून आले, हे दफ्तरी निराळे नोंदवले आहे. बाईसाहेब बरणीपाशी राहिल्या आणि मास्तर सासूबाईंच्या हातचे खाऊन अंगाने वाढून परतले. गिऱ्हाइकांस चमत्कार ते अद्याप सांगतात. फक्त हात जोडायचे वेळी आता आतल्या दाराकडे वळतात. फत्ते जाहली ती ऐसी.

श्रोतेहो, आता उठा, घरी जा. एवढेच मागणे आहे: गरम पाव मोडताना, वाफ नाकाशी येईल तेव्हा, त्या पलंगावरच्या म्हातारीची क्षणभर आठवण ठेवा, जिने राज्य सुनेच्या हाती दिले आणि राजेपण लेकाकडे राहू दिले.