उन्हावरची गाडी

आभाळात ढग आला की आमचे शेजारी नत्थूजी गच्चीवरून ओरडतात, "शकुंतले, बटन बंद कर वं! कोळसा आला!"

खाली पोर्चमध्ये शकुंतलाकाकू मुकाट्यानं गाडीच्या चार्जरचं बटन बंद करतात. ढग सरला की पुन्हा आरोळी येते, "लाव आता, ऊन आलं!" प्रतापनगरातल्या आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की सुरुवातीला त्याला हे जोडपं वेडं वाटतं. मग तोही आभाळाकडे बघायला लागतो.

नत्थूजींनी सगळी नोकरी उमरेडकडच्या कोळसा खाणीत काढली. निवृत्त झाल्यावर गच्चीवर सोलर बसवलं आणि विजेवर चालणारी पांढरी गाडी घेतली. दोन्हींवर सरकारची सूट मिळाली. सूट मिळाली की माणसं खूश होतात आणि विसरून जातात. नत्थूजी मात्र ओशाळले. "सरकारनं आहेर देला गा! आता नीट नांदवली पाह्यजे." म्हणजे सरकार व्याही आणि गाडी सून. शोरूममधून ती आली त्या दिवशी त्यांनी फाटकात तांदळाचं माप ठेवलं. सुनेनं माप ओलांडायचं असतं. या सुनेनं पुढच्या चाकाखाली त्याचा पापड केला. माप काकूंच्या माहेरचं, पितळेचं होतं. काकू बघतच राहिल्या आणि नत्थूजी म्हणाले, "जोरदार आहे पोरगी!"

सुनेला पाजायची ती फक्त उन्हाची वीज. "तारेतून येते ते कोळशाची. कोळशाशी आपली सोयरीक तुटली." ती का तुटली हे गल्लीला ठाऊक आहे. खाणीतून आलेले त्यांचे कपडे काकूंनी वर्षानुवर्षं झटकले, धुतले. ती काळी धूळ काकूंच्या छातीत जाऊन बसली असं नत्थूजींचं ठाम मत. डॉक्टर आणखी चार कारणं सांगतात, पण नत्थूजी ती कानाआड करतात. काकूंना बोलता बोलता धाप लागली की हा बडबड्या माणूस एकदम गप्प होतो.

मे महिन्यात आम्ही सगळे कूलरसमोर पडलेले असतो, तेव्हा हे डोक्याला दुपट्टा बांधून सोलरच्या काचा पुसत असतात. "एवढं ऊन वाया जाऊन राहिलं ना गा!" पंगतीत कुणी ताटात पुरणपोळी टाकून उठावं तसा त्यांचा चेहरा होतो. मग ते ऊन सत्कारणी लावायला संध्याकाळी काकूंना मागच्या सीटवर बसवून फुटाळ्याच्या तलावावर नेतात.

एकदा मलाही नेलं. गाडी कधी निघाली ते कळलंच नाही. कडुलिंबाची झाडंच आपली हळूहळू मागे सरकत होती. मी रेडिओला हात लावला.

"नको."

मी बोलायला तोंड उघडलं.

"आयक."

"काय आयकू?"

"काहीच नाई. तेच तं आयकाचं." मग झोपेत बोलावं तसं पुटपुटले, "सारं नागपूर असं चालंन एक दिवस. बर्डीच्या भर बाजारात उभ्या माणसाले चिमणी आयकू येईन." मला हसू आलं. पण तलाव येईपर्यंत मीही चिमणी ऐकू येते का ते बघत होतो.

श्रावणात झड लागली आणि सूर्य दिसेनासा झाला. गाडी पोर्चमध्ये उपाशी उभी आणि नत्थूजी छत्री घेऊन पायी भाजीला. मी म्हटलं, "लावा ना तारेवर. व्याही थोडाच रागावते?"

"व्याह्याचं नाई गा. माझंच मन होत नाई."

एका सकाळी त्यांनी आमचं फाटक जोरात वाजवलं. काकूंना धाप लागली होती, आणि ती नेहमीची नव्हती. मी धावत गेलो तर पोर्चमध्ये, भर पावसात, चार्जरचं बटन चालू होतं.

"कोळसाही पाजला गा तिले," नत्थूजी म्हणाले. "पण वेळ लागते तिले. वेळ कुठी आहे?"

मी माझी जुनी पेट्रोलची गाडी काढली. दोघं मागे बसले. पहिल्याच सिग्नलला मागून आवाज आला, "इंजन बंद कर." केलं. पुढच्या सिग्नलला पुन्हा, "बंद कर ना गा!" माझं डोकं फिरलं. बायको अशी मागे घुसमटते आहे आणि या माणसाला धुराचं पडलं आहे!

"नत्थूजी, आज तरी ते पेट्रोल-बिट्रोल सोडा ना!" असं म्हणत मी आरशात पाहिलं. डोळे मिटून, पार वाकून, त्यांनी आपला कान काकूंच्या तोंडाशी नेला होता.

मी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, आणि मला काकूंचा श्वास ऐकू आला. बारीक, शिट्टीसारखा, अडखळत येणारा.

"उमरेडहून दवाखान्यात आणत होतो हिले, जीपमधी," डोळे न उघडताच ते म्हणाले. "बाजूले बसलो होतो मी. इंजनच्या आवाजात समजलंच नाई मले, हिचा श्वास कधी बंद पडला ते. कशीबशी वाचली. तवाच ठरवलं, गाडी घीन तं बिनआवाजाची."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. काकूंनी चाचपडत त्यांचा हात धरला.

"चालू आहे जी," त्या कशाबशा म्हणाल्या.

"हां." नत्थूजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चल आता. पुढच्या सिग्नलले पुन्हा बंद कर."