चौदा नंबरचा मिस्टर क्रम्पल

"आणलंस आणखी एक खोकं?" ग्लेंडा हात पुसत म्हणाली. "आता हे कुठे ठेवणार? माझ्या डोक्यावर?"

"स्वयंपाकघराच्या माळ्यावर," क्लाइव्ह म्हणाला.

"म्हणजे तेच झालं की!"

क्लाइव्ह ऑरमरॉड पोस्टातून निवृत्त झाला आणि नवराबायकोने बेक रो नावाच्या गल्लीतलं चौदा नंबरचं जुनं घर घेतलं, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून घरात मुलांच्या जुन्या कॉमिक्सचा पूर आला होता. मुलं ज्या वयात कॉमिक्स सोडतात, त्याच्या पन्नास वर्षांनंतर क्लाइव्हने ती धरली. आणि तो ती वाचत नसे. जुन्या अंकाचा कणा मोडतो, पिना गंजलेल्या असतात, म्हणून अंक उघडायचा नाही, प्लास्टिकच्या पाकिटात घालायचा आणि मुखपृष्ठ बघायचं, असा त्याचा कडक नियम होता. एकेका मुखपृष्ठासमोर तो चहा गार होईपर्यंत बसे. लाल शाई रेषेच्या बाहेर केसभर सरकलेली असली की त्याला विशेष आनंद होई.

"आत काय लिहिलंय ते तरी बघ," ग्लेंडा म्हणायची.

"उघडलं की किंमत गेली."

"बिस्किटांच्या पुड्याला हा नियम लाव की," ती म्हणायची.

या वेळच्या खोक्यात 'वॉलप' नावाच्या साप्ताहिकाचे १९५८ सालचे अंक होते. ऑक्टोबरपासून ओळीने सहा आठवड्यांचे, फक्त चौथा नव्हता. प्रत्येक मुखपृष्ठावर मिस्टर क्रम्पल नावाचा गोल, टकला, मिशाळ गृहस्थ कुठल्या तरी संकटात सापडलेला. मागे कोपऱ्यात हाताची घडी घालून मिसेस क्रम्पल उभी. क्लाइव्हही गोल, टकला आणि मिशाळ होता, पण हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आमच्या गल्लीत सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

त्याच्या लक्षात आली ती कोपऱ्यातली पेन्सिल. पूर्वी पेपरवाला घरोघरी टाकायच्या अंकांवर पत्ता खरडत असे. जमवणारे लोक अशा खुणांवर जीव टाकतात. क्लाइव्हने भिंग लावलं. फिकट अक्षरांत लिहिलं होतं, "१४, बेक रो".

गावात बेक रो एकच आहे. क्लाइव्हने भिंग खाली ठेवलं आणि उगीचच मागे वळून पाहिलं.

दर शनिवारी एक अंक शेकोटीवरच्या फळीवर मांडायचा, हा त्याचा रिवाज. पहिल्या मुखपृष्ठावर मिस्टर क्रम्पल खिडकीतून मान बाहेर काढून मांजरावर ओरडतोय आणि वर सरकवलेली तावदानं धाडकन त्याच्या मानेवर आली आहेत. सोमवारी शेजारच्या मांजराने ग्लेंडाची रोपं उकरली. क्लाइव्ह स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाकला, ओरडला, आणि तावदानं आली. अर्धा तास तो अर्धा घरात आणि अर्धा अंगणात होता. सुटका झाल्यावर त्याने पाहिलं, चौकटीच्या पांढऱ्या रंगाचा टवका उडून खालचा हिरवा दिसत होता. चित्रातली खिडकीही हिरवीच होती.

"योगायोग," ग्लेंडा म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात चित्रातला क्रम्पल हातात निळ्या पट्ट्यांचा कप घेऊन शेकोटीपाशी बसला होता, डोक्यापासून पायापर्यंत काजळीने काळा. बुधवारी धुराड्यातून बादलीभर काजळी क्लाइव्हच्या अंगावर आली. कप निळ्या पट्ट्यांचाच होता. ग्लेंडा मागे हाताची घडी घालून उभी होती.

"घडी सोड!" क्लाइव्ह किंचाळला. "तशी उभी राहू नकोस!"

तिसऱ्या चित्रात न्हाणीघराचा नळ उपटून हातात आला होता. क्लाइव्हने आंघोळच बंद केली. पाचव्या दिवशी ग्लेंडाला तो वास सहन होईना, म्हणून तिने प्लंबरला बोलावलं. त्याने नळाला हात लावला आणि नळ हातात आला. कारंजं छताला लागलं. भिजलेल्या प्लंबरने टोपी काढली, तर तोही टकला.

आता चौथा आठवडा. चौथा अंक नव्हता.

बाहेर धुकं इतकं दाटलं होतं की समोरच्या ओळीतल्या घरांचे फक्त दिवे दिसत. क्लाइव्हने पाचवा अंक काढून पाहिला. क्रम्पल नखशिखांत बँडेजच्या पट्ट्यांत गुंडाळून खुर्चीत बसला होता. त्याचं क्लाइव्हला काही वाटलं नाही. तो बघत होता कोपरा. कोपरा रिकामा होता. मिसेस क्रम्पल नव्हती. त्याने सहावा अंक पाहिला. क्रम्पल पुढच्या दाराच्या कडीवर हात ठेवून एकटाच उभा. तिथेही ती नव्हती.

चौथ्या अंकात तिचं काहीतरी झालं होतं.

एकतीस वर्षांच्या संसारात ग्लेंडा नसलेली खोली कशी दिसेल, हे त्याने कधी डोळ्यांपुढे आणलं नव्हतं. आता ती खोली रंगीत छापलेली समोर होती. त्याने ओळखीच्या सगळ्या जमवणाऱ्यांना फोन लावले. हल शहरातल्या एकाने कधीतरी तो अंक पाहिला होता.

"पाय होते," तो म्हणाला. "दोन पाय. लोंबणारे."

"कोणाचे पाय?"

"आता कसं आठवणार? पण बूट नव्हते बघ पायांत."

त्या दिवसापासून ग्लेंडाला घरात बूट काढायची बंदी झाली. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली तरी क्लाइव्ह आधी तिच्या पायांकडे बघे. रात्री तिला त्याने गमबूट घालून झोपवलं.

"तुला डॉक्टरकडे नेऊ का रे?" तिने विचारलं.

"पाय आत घे," तो म्हणाला.

रविवारी जेवायला शेजारच्या मिसेस बूथरॉयड आल्या. बाईंचं वय एक्याण्णव, सगळा जन्म बारा नंबरात गेलेला. भाजलेलं बीफ, त्याच्याबरोबर खायची फुगलेली पुडिंगं आणि रस्सा स्वयंपाकघरातल्या टेबलावर आला. क्लाइव्हचा घास उतरेना. त्याने ग्लेंडाकडे पाहिलं. जेवताना तिने हळूच बूट काढले होते. मोज्यातली बोटं हलत होती.

तो उठला. "मी ती खोकी जाळून टाकतो," तो म्हणाला. "सगळी. आत्ता."

ग्लेंडाचा काटा हवेतच थांबला. "सगळी?"

"तुझ्यापेक्षा जास्त नाहीत ती," क्लाइव्ह म्हणाला. मग तो जिन्याच्या वळणावरच्या लहान दारातून स्वयंपाकघराच्या माळ्यावर शिरला. शिरताना सवयीने बूट बाहेर काढून ठेवले, कारण कॉमिक्सवर धूळ उडायला नको. 'वॉलप'चं खोकं त्याने उचललं. खोक्यामुळे पुढचं दिसेना. त्याचा पाय फळीवर पडायच्या ऐवजी दोन फळ्यांमधल्या छताच्या नुसत्या गिलाव्यावर पडला.

खाली टेबलाच्या कडेला आधी पांढरा भुगा पडला. मग छतातून दोन पाय आले. मोजे घातलेले, बूट नसलेले, लोंबणारे.

ग्लेंडाने शांतपणे रश्श्याचं भांडं उचलून बाजूला ठेवलं.

"अगदी मिस्टर पॅडगेटसारखं!" मिसेस बूथरॉयड खुशीत येऊन म्हणाल्या. "तेसुद्धा इथूनच आले होते. रविवारच होता."

"कोण पॅडगेट?" छतातून विचारणा झाली.

"इथे भाड्याने राहायचे ना रे पोरा. कॉमिकची चित्रं काढायचे. टक्कल, मिशी, तुझ्यासारखंच सगळं. या घराने त्यांना फार छळलं. कधी खिडकी, कधी काजळी, कधी नळ. जे अंगावर पडेल ते शुक्रवारपर्यंत काढून पाठवायचे. मला वाटलं तुला ठाऊक असेल. तू जमवतोस ना ती?"

घर तेच होतं, खिडकी तीच, धुराडं तेच. साठ वर्षांत कोणी दुरुस्ती म्हणून काही केलं नव्हतं. क्लाइव्हच्या पायांनासुद्धा हायसं वाटलेलं खालून दिसलं.

"आणि चौथा अंक?" त्याने विचारलं.

"तो माझ्याकडे आहे," ग्लेंडा म्हणाली. "गुरुवारी फडताळ साफ केलं, तर वरच्या फळीवर कागद म्हणून तोच अंथरलेला. मी सगळा वाचला. टेबलही दोन फूट सरकवून ठेवलं, नाहीतर पुडिंगात उतरला असतास."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"मला गमबूट घालून झोपवणाऱ्याला काय सांगायचं?"

"एक मिनिट. वाचला म्हणजे... तू तो उघडलास?"

"उघडला. सुरकुत्या फार होत्या, म्हणून वरून इस्त्रीही फिरवली."

"इस्त्री!" असं ओरडून क्लाइव्हने दोन्ही पाय झाडले आणि उरलेला क्लाइव्ह, खोकं आणि पाऊण छत एकदमच खाली आलं.

इस्पितळातून तो आला तो पाचव्या मुखपृष्ठासारखा, नखशिखांत पट्ट्यांत. ग्लेंडाने त्याला खुर्चीत बसवलं. दाराशी तिची सुटकेस होती.

"मिसेस क्रम्पलचं काय झालं ते चौथ्या अंकाच्या शेवटच्या पानावर आहे," ती म्हणाली. "ती या सगळ्याला कंटाळून बहिणीकडे ब्लॅकपूलला गेली. मला ते फार पटलं. मिसेस बूथरॉयड सूप आणून देतील."

घर रिकामं झालं. खिडकीबाहेर धुकं होतं, आणि दिवसातून दोनदा धुक्यातून मिसेस बूथरॉयड यांचा चेहरा उगवे, सुपासकट. बाकी वेळ क्लाइव्ह होता आणि फळीवरचं चित्र होतं, आणि दोघांत फरक शोधून सापडत नव्हता. रिकाम्या कोपऱ्याकडे बघायचं तो टाळत होता. सहाव्या दिवशी त्याला राहवेना. ती परत कधी येते, एवढंच त्याला कळायला हवं होतं. पट्ट्यांतून सुटलेल्या दोन बोटांनी त्याने सहाव्या अंकाचं पाकीट फाडलं आणि जन्मात पहिल्यांदा जुनं कॉमिक उघडलं. कणा कट् करून मोडला. पिन उडाली. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

शेवटच्या पानावर मिसेस क्रम्पल परत आली होती. एका हातात सुटकेस, दुसऱ्या हातात ब्लॅकपूलच्या गुलाबी साखरेची लांब कांडी. क्रम्पलने आनंदाने कडी काढली होती, आणि दार बिजागऱ्यांसकट त्याच्या अंगावर पडलं होतं.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"क्लाइव्ह! मीच आहे रे! बहिणीकडे करमेना!"

त्याने खिडकीतून डोकावून पाहिलं. सुटकेस होती. गुलाबी कांडीही होती.

क्लाइव्हच्या डोळ्यांत पाणी आलं. तो लंगडत दाराशी गेला, कडीला हात घातला, आणि हात तसाच मागे घेतला.

"दाराला हात लावू नकोस!" तो ओरडला. "मागच्या अंगणातून ये! स्वयंपाकघराच्या खिडकीतून!"

"शहाणा आहेस का तू?"

"माझ्यासाठी ये, ग्लेंडा! मी अंक उघडला! पिन तुटली!"

मग अंगणाचं फाटक वाजलं. ग्लेंडाने खिडकी वर ढकलली, आधी सुटकेस आत टाकली, मग कांडी दिली, मग स्वतः वाकली. कमरेपर्यंत ती आत आली, आणि तावदानं धाडकन खाली आली.

"अगं बाई!" अंगणाच्या भिंतीवरून मिसेस बूथरॉयड म्हणाल्या. "हे मात्र पॅडगेटने काढलं नव्हतं!"